आग्नेय कोपऱ्यातली फरशी

लोहाऱ्याच्या पुढे एमआयडीसीचं कुंपण संपतं, तिथं गोवर्धनभाऊनं ‘कपिला विहार’ नावाची वस्ती उभी केली होती. तिथल्या सात नंबरच्या घरात खोल्या तीन, दारं पाच, खिडक्या सहा, विजेची बटणं चौदा आणि नळ नऊ होते. नऊपैकी एकाच नळाला पाणी येत होतं, आणि तेही सकाळी कोणीतरी वरच्या टाकीत चार बादल्या ओतून ठेवल्या होत्या म्हणून. चौदा बटणांपैकी तीन दाबली की काहीतरी पेटायचं. पाच दारांपैकी चार लागायची. पाचवं, न्हाणीघराचं, अर्ध्यावर येऊन फरशीला अडायचं आणि रुसल्यासारखं तिथंच थांबायचं. दर्शनी भागात गणपतीची टाइल एक, तुळशीवृंदावन एक, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे हंस दोन. एका हंसाला चोच नव्हती.

पियुषनं हे सगळं पहिल्या फेरीतच मोजलं. त्यानं नुकतीच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली होती. पदवीनं नोकरी दिली नव्हती, एक खोड मात्र दिली होती: दिसेल ते आधी मोजायचं आणि सांगितलेल्याशी ताडून पाहायचं.

त्याच्या वडिलांनी, भगवानरावांनी, काहीच मोजलं नाही. बैठकीच्या भिंतीवरून त्यांनी तळहात फिरवला, क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, “एक नंबर.”

“हाताले समजते, साहेब,” गोवर्धनभाऊ म्हणाला. “असा हात आता राह्यला नाही जिल्ह्यात.”

भगवानरावांनी तो हात खिशात घातला, जणू सोन्याचा होता.

त्या हाताची कीर्ती खरी होती. सव्वीस वर्षं भगवानराव कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. दोन-दोन रात्री रांगेत काढून कापसानं भरलेली बैलबंडी त्यांच्यासमोर आली की ते वरच्या कापसाकडे ढुंकूनही पाहत नसत. ‘वरचं सगळेच पांढरं दाखवतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बंडीच्या मागच्या बाजूनं, अगदी बुडाशी, ते खांद्यापर्यंत हात खुपसायचे, मूठभर कापूस ओढून काढायचे, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचे. तळाशी ओल निघाली किंवा पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाला की बंडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता म्हणायचे, “बंडी वापस.” एवढे दोनच शब्द. लाच त्यांनी कधी घेतली नाही. त्यांना ‘साहेब, तुमचा हात म्हणजे मशीन’ एवढं पुरायचं, आणि ते रोज कोणीतरी म्हणायचंच. त्यांच्या मते ती लाच नव्हती, वस्तुस्थिती होती.

आता २००६ साल उजाडलं होतं. केंद्रांना कुलपं लागत होती, ग्रेडरांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढं केले जात होते. कपाशीची काळी रानं विकली जात होती. त्यांवर चुन्याच्या रेघा पडत होत्या आणि एका पावसाळ्यात त्याच रेघांवर घरं उभी राहत होती. भगवानरावांनी कागदावर सही केली. निवृत्तीची सगळी पुंजी ते या सात नंबरच्या घरात घालणार होते, आणि सरकारी क्वार्टर मेअखेर रिकामं करायचं होतं. म्हणजे हे घर फसलं, तर दुसरं घर नव्हतं. हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. त्यातला एकच जण ते बोलून दाखवायचा, आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

गोवर्धनभाऊ म्हणजे कोणी परका नव्हता. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो कापसाचा व्यापारी होता; कापसातली सरकी काढायची एक जिनिंगही त्याची होती. खेड्यापाड्यांतून मातीमोल भावानं कापूस उचलायचा, त्यावर रात्री पाणी मारायचा आणि शेतकऱ्यांच्या नावानं सरकारी केंद्रावर आणून घालायचा. भगवानरावांनी त्याच्या बंड्या दर हंगामात पकडल्या होत्या. कापूस बुडाला, तसा गोवर्धनभाऊ बिल्डर झाला. त्यासाठी त्याला काही नवीन शिकावं लागलं नाही.

“बाबा, हाच माणूस ना तुमच्या केंद्रावर ओला कापूस आणायचा?” घरी आल्यावर पियुषनं विचारलं.

“हाव. म्हून तर घेऊन राह्यलो त्याच्याकडून.”

“म्हणजे?”

“अबे पोट्ट्या, दरसाल पकडलं मी त्याले. त्याले माहीत आहे का हा माणूस खांद्यापर्यंत हात घालते. मले फसवाची हिंमत करन का तो? दुसऱ्या कोणाचं घर कच्चं बांधन, माह्यं नाही बांधणार.”

पियुषनं यावर थोडा विचार केला. एका माणसानं दर हंगामात फसवायचा प्रयत्न केला, दर हंगामात पकडला गेला, आणि पुढच्या हंगामात पुन्हा ओला कापूस घेऊन आला. या निरीक्षणांवरून तो पुढच्या वेळी प्रामाणिक राहील, असा निष्कर्ष कुठल्या गणितात बसतो ते त्याला समजेना. पण वडिलांच्या गणितात तो बसत होता, आणि घराचे पैसे वडिलांचे होते.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सायकलनं गेला. सोबत एक रुपयाचं नाणं, एक खिळा, पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी. वॉचमन झाडाखाली झोपला होता; त्याच्याकडून वस्तीचं रक्षण होतं तेवढंच सिमेंटच्या हंसांकडूनही होत होतं.

पियुषनं नाण्यानं फरश्या वाजवल्या. भरीव आवाज आला तो स्वयंपाकघरात. बैठकीत निम्म्या फरश्या मडक्यासारख्या वाजल्या. न्हाणीघरात त्यानं बादलीभर पाणी ओतलं. जाळीकडं जाण्याऐवजी पाणी उंबरा ओलांडून बैठकीत आलं आणि पाहुण्यासारखं सोफ्याच्या जागी पसरलं. खिडकीच्या खालच्या गिलाव्यावर खिळा ओढला, तर रेघ पडण्याऐवजी खाच पडली आणि रेती सांडत राहिली, हात थांबवला तरी थोडी सांडतच राहिली. नळी दोन टोकांना धरून पातळी पाहिली: बैठकीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरत होती. आग्नेय कोपऱ्याकडे.

“मोजून घ्या, मोजून घ्या,” मागून आवाज आला. “मी बी मोजलं होतं. पण सामान टाकल्यावर.”

चार नंबरमधल्या जोहराबी दारात उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं, रहमतभाईंचं, पांढरकवड्याला हायवेवर गॅरेज होतं. मुलांच्या शाळेसाठी म्हणून त्यांनी वर्षापूर्वी इथं घर घेतलं होतं. गोवर्धनभाऊनं पियुषला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘चार नंबरवाल्या बाईचा स्वभाव थोडा कडक आहे, लक्ष देऊ नका.’

“काकू, तुमचं घर कसं आहे?”

“बेटा, पावसाळ्यात दार लागत नाही, उन्हाळ्यात उघडत नाही. सुतार तीनदा येऊन दार तासून गेला. आता दार राह्यलं कुठं, फळी राह्यली. भिंतीत फट पडली का त्याचा माणूस येते, पुट्टी भरून जाते. रंगबी आमचाच असते.”

“मग तुम्ही लोकांना सांगत का नाही?”

“काय सांगू? तो म्हणते, ‘दहाही घरं विकून जाऊ द्या, मग सगळ्यायचं दुरुस्त करून देतो. आतापासून बोंबलले तर तुमच्याच घराची किंमत पडन.’ मग सगळे चूप बसले. सहा घरं विकली, सहाच्या सहा चूप.” जोहराबींनी आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. “मलेबी त्यानं चूप केलं होतं. आमच्या घरात त्यानं घरभरणीचा मिलाद ठेवला पहिले, कागद नंतर केला. बिर्याणी त्याची, मंडप त्याचा. सारा मोहल्ला जेवून गेला, ‘मुबारक हो’ म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी घर नको म्हणाले तोंड कुठून आणाचं?”

पियुषला ते ऐकून गोवर्धनभाऊबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला. माणसाचा पाया उथळ होता, पण पद्धत पक्की होती. कारण पियुषच्या घरचीही वास्तुशांती गोवर्धनभाऊच करून देणार होता, अक्षय तृतीयेला, आणि खरेदीखत त्यानंतर दोन दिवसांनी. ‘गुरुजी आमचे, जेवण आमचं, साहेबांनी फक्त पाटावर बसाचं.’ यावर विमलताई, पियुषची आई, इतक्या भारावल्या होत्या की त्यांनी मुकुटबनपासून वणीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना बोलावलं होतं.

संध्याकाळी पियुषनं घरी सगळं सांगितलं. फरश्या, पाणी, रेती, उतार, चार नंबरचं दार.

“नवं घर बसते हळूहळू,” भगवानराव म्हणाले.

“बसतंच आहे, बाबा. एका कोपऱ्यात.”

“पाणी कोणत्या बाजूनं जावं हे कालेजात शिकवलं का तुले?”

“हो. उताराकडे जातं असं शिकवलं.”

विमलताईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड गिळलं. “पियुषचे बाबा, तो म्हणते तर एकदा पाहून या ना.”

“काय पाहाचं? मी हात लावून पाह्यला. मोजून काय समजते? मोजपट्टीवाले लई पाह्यले मी. हाताले समजते.”

“तुम्ही भिंतीवरून हात फिरवला, बाबा,” पियुष म्हणाला. “बंडीत हात कुठून घालायचे तुम्ही? वरून?”

भगवानरावांनी ताटातली भाकरी मोडली. “घर म्हणजे बंडी नव्हे,” ते म्हणाले, आणि विमलताईंकडे वरणाची वाटी पुढं केली.

अक्षय तृतीयेला ऊन असं होतं की मंडपाचं कापड हात लावला तर पोळेल. काळी जमीन भेगाळली होती. प्लॉटच्या कडेनं पडलेल्या भेगांत पोरं काड्या सोडत होती आणि काडी किती खाली गेली यावर भांडत होती. आत भगवानराव आणि विमलताई पाटावर बसले होते. कुंडातल्या धुरानं नातेवाइकांचे डोळे पाणावले होते, पण ते घराकडे पाहून भरून आल्यासारखे दिसत होते आणि गोवर्धनभाऊ तसंच समजत होता. पांढऱ्या कडक सफारीत तो दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, “ग्रेडर साहेबांनी पसंत केलं. त्याच्यावर सर्टिफिकेट कायचं पाह्यजे?”

मागं भाताचा वास सुटला होता. पाहुण्यांपैकी निम्म्यांचं लक्ष मंत्रांपेक्षा त्या वासाकडे होतं, गुरुजींचंही.

होम संपला. “आता वास्तुनिक्षेप,” गुरुजी म्हणाले. “आग्नेय कोपऱ्यात खड्डा घ्यायचा, वास्तुप्रतिमा पालथी ठेवायची, माती लोटायची. मग जेवणं.”

“खड्डा तयार आहे गुरुजी,” गोवर्धनभाऊ पुढं झाला. “आम्ही प्रत्येक घरात आधीच सोय करून ठेवतो. फरशी फोडा, माती काढा, ती कटकट नाही.” त्यानं कोपऱ्यातली एक सुटी फरशी उचलली. खाली लोखंडी घमेलं बसवलेलं होतं, काठाला सिमेंट लावून, आत बारीक चाळलेली रेती. एवढा स्वच्छ खड्डा गुरुजींनीही पाहिला नसेल. खड्ड्याच्या खाली काय आहे, हे विचारायला त्यात जागाच ठेवली नव्हती.

भगवानरावांनी तांब्याची छोटी प्रतिमा हातात घेतली, घमेल्यातल्या रेतीवर पालथी ठेवली आणि ती नीट बसावी म्हणून तळहातानं दाबली.

काठाचं सिमेंट पापडासारखं मोडलं. घमेलं एका बाजूनं कललं आणि देवासकट खाली गेलं. क्षणभरानं खालून दबका आवाज आला, ढेकळावर भांडं पडल्यासारखा.

पुढं बसलेले पाहुणे उठून उभे राहिले. मग गुरुजींच्या तोंडून निघालं, “देव काढावा लागेल. पालथाच असला पाहिजे.”

“मी काढवतो माणसाकडून, साहेब, तुम्ही उठा,” गोवर्धनभाऊ घाईघाईनं म्हणाला.

पण भगवानराव आधीच पालथे झाले होते. सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग त्यांनी गाल फरशीला टेकवला आणि हात खांद्यापर्यंत आत गेला. पियुषनं त्यांना असं हजार वेळा पाहिलं होतं, लहानपणी केंद्रावर, बंड्यांच्या मागं उभं राहून. त्यांचे डोळे तेव्हा मिटलेले असत. आताही त्यांनी ते मिटले.

बोटं आत काहीतरी चाचपत होती. घमेलं सापडलं असावं, कारण खालून लोखंडाचा आवाज आला. पण हात वर आला तेव्हा त्यात देव नव्हता.

मुठीत कापूस होता.

पिवळा, कुजका, मातीत कालवलेला, सरकीचे तुकडे अडकलेला. जिनिंगचा कचरा, कोणी जाळायलाही नेणार नाही असला. घराच्या जोत्यात मुरूम दाबून भरायचा असतो. इथं जिनिंगमागच्या उकिरड्याच्या ट्रॉल्या ओतल्या होत्या, वर काळ्या मातीची ढेकळं टाकली होती आणि त्यावर फरशी अंथरली होती. कचरा कुजला, ढेकळं उन्हात आक्रसली, फरशी मात्र सवयीनं वरच राहिली.

भगवानराव उठून बसले. कपाळावर फरशीची धूळ होती. त्यांनी तो कापूस दोन अंगठ्यांत धरला आणि ताणला. ताणला कसला, तो तुटलाच. पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा ताणली. नातेवाईक पाहत राहिले. ते काय करतायत हे त्या खोलीत दोघांनाच पूर्ण कळत होतं: पियुषला, आणि गोवर्धनभाऊला.

“धागा नाही,” भगवानराव म्हणाले. “कवडी. त्याच्यात ओल.”

“साहेब, भरावात थोडंबहुत जाते,” गोवर्धनभाऊ हसत म्हणाला. हसणं कोणी घेतलं नाही, म्हणून त्यानं ते स्वतःच आवरलं. “मजूर लोक असतात, कुठून काय आणून टाकतात. मी रेती ओतून देतो आजच. देवाचं काम झालं आहे, पाहुणे बसले आहेत. आता कायले...”

“हा तुह्याच जिनिंगचा आहे.”

“कापसावर नाव असते का, साहेब?”

“नसते. पण ह्या मालाले मी वापस केलतं. चार वर्षांआधी.” भगवानरावांनी मूठ उघडली आणि कापूस होमाच्या बाजूला ठेवला, नीट, दाखवायला ठेवतात तसा. “मले वाटलं, तू फेकून देल्ला असन.”

दारात गर्दीमागं जोहराबी उभ्या होत्या. त्या कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणाल्या, “आमच्या घराखाली काय आहे ते आज समजलं. मी समजत होती का घरातले ढेकूण गादीतून येते.”

दोन नंबरचा मालक, जो वर्षभर चूप होता, तो तडक आपल्या घराकडे गेला. थोड्या वेळानं तिकडून सब्बलीचा आवाज यायला लागला.

गोवर्धनभाऊचा स्वर आता व्यापाऱ्याचा झाला. “पाह्य भगवानराव. वास्तू झाली. शंभर माणसं मंडपात बसली. लोकायले काय सांगशीन, घर पसंत केलं आणि मग नाही म्हटलं? तुह्या हाताचं नाव आहे बाजारात. तू स्वतः म्हणालतास एक नंबर.”

हा नेम बरोबर होता. विमलताईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, त्यात ‘जाऊ द्या ना’ दोनदा ऐकू आलं, ते भाताच्या बाजूनं बसलेल्या लोकांकडून. मेअखेर क्वार्टर रिकामं करायचं होतं. भगवानराव आपल्या हाताकडे पाहत होते. नखांत काळी माती होती. याच हातानं त्यांनी भिंत कुरवाळली होती.

“वरून पाह्यलं म्या,” ते म्हणाले. इतक्या हळू की गुरुजींना वाटलं मंत्र आहे.

मग त्यांनी मान वर केली आणि गोवर्धनभाऊच्या तोंडाकडे न बघता, त्याच्या सफारीच्या गुंड्यांकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बंडी वापस.”

“अहो, पण...”

“वापस. खरेदीखत नाही होणार.”

गोवर्धनभाऊचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाहायला कोणी थांबलं नाही. सगळे भोकाकडे सरकले होते. “एक-दोन इंच दबते भराव कुठंही,” तो म्हणाला. “इंजिनिअरले विचारा. तेवढ्यासाठी कोणी घर सोडते का? एक-दोन इंच.”

भगवानराव बाही खाली ओढता ओढता थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजपट्टीसाठी मुलाकडे हात पुढं केला, मग तो मागं घेतला आणि म्हणाले, “पियुष. मोज.”

पियुषनं मोजपट्टी काढली. पालथा झाला, पट्टीचं टोक भोकातून खाली सोडलं, ते भरावाला टेकेपर्यंत. फरशीच्या बुडाशी अंगठा धरला आणि पट्टी वर ओढली. खात्रीसाठी त्यानं ते दुसऱ्या बाजूनंही केलं.

फरशीच्या बुडापासून भरावापर्यंत एक फूट दोन इंच.